कल्लप्पाची वाट

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आधी सगळ्यांची खुशाली. मला डायरीची सवय नाही, सवय पत्राची. आणि खुशाली न विचारता पत्र सुरू केलं तर ते अळणी कालवणासारखं लागतं.

हेमावती, तुझे गुडघे कसे आहेत? (आज गच्चीवर शेंगदाणे वाळत घालायला दोनदा चढली, म्हणजे बरे असावेत. विचारलं तर सांगत नाही.) युवराज, तुझा खोकला? (गाडीवर तोंडाला रुमाल बांध म्हणून बापानं सांगितलं, ऐकलं नाही.) रेश्मा सूनबाई, मान उतरली का? (शाळेतल्या वह्या तपासून आखडते. बिचारी तक्रार करत नाही.) परसातल्या कढीपत्त्या, तुझी कीड गेली का? (अर्धी गेली.) आणि चनमल्लप्पा, तुम्ही कसे? तुम्ही ठीक. साखर जरा वर. पण दुपारचा चहा पेल्यातच निवला आणि ते साखरेमुळं नाही.

ही डायरी रेश्मानं दिली. बियाण्याच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानावर खाली एक मक्याचं कणीस. म्हणाली, "मामा, दिवसभर कढीपत्त्याशी बोलता, त्यापेक्षा हिच्यात लिहा." बरं म्हणालो. जे कढीपत्त्यालाही सांगितलं नाही ते हिला सांगावं म्हणतो.

आज दोन फोन आले.

पहिला कॉलेजच्या भूगोल विभागातल्या मॅडमचा. मी तिथं एकतीस वर्षं शिपाई होतो, त्यातली चोवीस नकाशाखोलीत. मॅडम माझ्यानंतर आल्या, पण गोड बोलतात. "मामा, अठरा तारखेला जुन्या सोलापूरचं प्रदर्शन आहे. रजिस्टरला एक नकाशा दिसतो, एकोणीसशे पंचावन्नचा, रंगीत, शहर आणि भोवतालची शेती. कपाटात सापडत नाही. तुम्हाला काही आठवतंय?"

मी म्हणालो, "बघतो."

बघायचं काय त्यात. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. सोळा वर्षं झाली.

दुसरा फोन मेव्हण्याचा. हेमावतीचा धाकटा भाऊ रेवणप्पा, करंजहाळचा. "दाजी, सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. सरकारनं पाणंदी मोकळ्या करायचं काढलंय. जुन्या वाटा, शेतरस्ते, समदं. तुमचा तो ट्रेसिंगचा कागद घिऊन या. तवासारकं एकदा सांगितलं की झालं."

तवासारकं.

चहा तेव्हापासून तसाच आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

हेमावती किराणा आणायला गेली तेव्हा ट्रंक ओढली. नकाशा जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला. पलंगावर पसरला, भिंग घेतलं.

देखणा आहे हो. एक इंचाला एक मैल. मी चौथी पास माणूस. इंग्रजी अक्षरं शाळेत नाही शिकलो, या नकाशातल्या गावांच्या नावांवरून शिकलो. गाव मला ठाऊक, मग त्याची अक्षरं कुठली ते ओळखायचं. सर लोक वर्गात गेले की मी आणि नकाशे. निळा गोल म्हणजे विहीर. हिरवा ठिपका म्हणजे झाड. मातकट तपकिरी रेघा, काही सलग काही तुटक, म्हणजे जमिनीचा चढउतार, त्या जमिनीवर नसतात, फक्त कागदावर असतात. लाल तुटक रेघ म्हणजे गाडीवाट. सगळं आपलं आपण शिकलो. आमचं कॉलेज नकाशात एकटंच उभं आहे, चारी बाजूंनी ज्वारीची रानं. मी आज जिथं राहतो तिथं नकाशात विहीर आहे. आमच्या न्हाणीघराखाली.

आता मुद्द्याचं लिहितो.

करंजहाळला रेवणप्पाच्या शेतात चिंचेची विहीर आहे. तिच्यापलीकडे कल्लप्पाचं रान. कल्लप्पा म्हणायचा, आमची गाडीवाट पिढ्यान् पिढ्या विहिरीवरून जाते. रेवणप्पा म्हणायचा, वाट ओढ्याकडून आहे, विहिरीवरून कधीच नव्हती. शहाण्णव साली हे भांडण सभेत आलं. तलाठ्याकडचा गावनकाशा नेमका त्याच घडीवर फाटून भुगा झालेला. तेव्हा रेवणप्पा म्हणाला, आमचे दाजी कॉलेजात नकाशे बघतात.

दोन रविवार नकाशाखोलीत बसून मी ट्रेसिंग काढलं. शाईची बाटली एकच, काळी. तिथं दोन तुटक रेघा आहेत. एक विहिरीपाशी, एक ओढ्याच्या कडेनं. एक गाडीवाट, दुसरी जमिनीच्या उताराची. माझ्या कागदावर दोन्ही काळ्याच झाल्या. सभेत मी सांगितलं, विहिरीपाशी आहे ती उताराची रेघ, वाट ओढ्याकडून.

आज भिंगातून पाहिलं. विहिरीपाशी आहे ती रेघ लाल. ओढ्याची तपकिरी.

उलटं सांगितलं मी. एकोणतीस वर्षांनी आज कळलं. एका बाटलीच्या शाईची चूक.

हेमावती पिशवी घेऊन आली, पलंगावरचा नकाशा पाहिला. म्हणाली, "काढलं व्हय एकदाचं." मी म्हणालो, कॉलेजला पाहिजे. ती म्हणाली, "कल्लप्पाण्णाची बैलं चिंचंच्या विहिरीवर पाणी प्यायची. तांबडा बैल लई ओढाळ होता." आणि आत जाऊन शेंगा कुटायला बसली. म्हातारपणी माणसाला कुठलं काय आठवेल, नेम नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

रात्री जेवताना युवराज मोबाईलवरची बातमी सांगत होता. कुणीतरी पाठवलेली, की अमुक झाडाचा पाला खाल्ला तर साखर जाते. रेश्मा म्हणाली, खरं असेल का? युवराज हसला, "छ्या, ही कल्लप्पाची वाट आहे."

मी पाण्याचा तांब्या ओढला.

करंजहाळात ही म्हण झालेली आहे. कुणी थाप मारली की, "कल्लप्पाची वाट सांगू नको." युवराज लहानपणी आजोळी सुट्टीला जायचा, तिथून घेऊन आला. म्हण त्याला ठाऊक, माणूस ठाऊक नाही. रेश्मानं विचारलं, कोण हा कल्लप्पा? युवराज म्हणाला, "कोण नाही गं, असंच म्हणतात."

हेमावतीनं भाकरी वाढायचं थांबवलं. माझ्याकडं बघितलं नाही. मी भाकरीकडं बघत होतो.

शुक्रवार, १० जानेवारी

मंगळवारी लिहिलं ते खोटं आहे.

डायरीशी खोटं बोलणारा माणूस म्हणजे स्वतःच्याच ताटातलं चोरून खाणारा. खोडत नाही, राहू दे. आज खरं लिहितो.

आज कळलं नाही मला. सभेनंतर आठ दिवसांतच कळलं होतं.

त्या सभेत मला खुर्ची दिली होती. कॉलेजात एकतीस वर्षं मी खुर्च्या पुसल्या, मांडल्या, उचलल्या. सभेत तलाठी मला म्हणाला, "बसा साहेब." मी बसलो. लोक म्हणत होते, मिल्ट्रीचा नकाशा हाय, दाजी वाचतात. मी काडी घेऊन रेघ दाखवली. कल्लप्पा उठला. तो मला पावणं म्हणायचा, गावचा जावई म्हणून. आमच्या लग्नात वरातीची गाडी त्यानंच हाकली होती, करंजहाळपासून माझ्या गावापर्यंत. बैलांना झुली घातल्या होत्या आणि वाटेत मला म्हणाला होता, "पावणं, बाशिंग सावरा, न्हायतर नवरीऐवजी बैल घिऊन जाल." असा माणूस.

तो उठून म्हणाला, "पावणं, माज्या बापाची गाडी विहिरीवरनं जायाची की. मी सोता हाकलीया."

आणि मी, खुर्चीत बसलेला मी, म्हणालो, "कल्लप्पा, नकाशा खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

लोक हसले. मलाही बरं वाटलं. आपण बोललो ते लोकांना आवडलं म्हणून बरं वाटलं.

आठ दिवसांनी विभागातल्या सरांनी तोच नकाशा वर्गासाठी मागितला. मी खिडकीपाशी उन्हात उलगडला आणि दिसलं. लाल. कुंकवासारखं स्पष्ट. मग मी काय केलं? सर वर्गातून आल्यावर घडी घातली आणि सगळ्यात खालच्या खणात, जगाच्या नकाशांच्या खाली ठेवला. रविवारी करंजहाळला जाऊन सांगता आलं असतं. त्या रविवारी घरात बारसं नव्हतं, लग्न नव्हतं, काही नव्हतं. मी घरी दाढी केली आणि झोपलो.

निवृत्त झालो तेव्हा नकाशा सोबत आणला. कॉलेजात उंदीर झालेत, वाचवला म्हणून आणला, असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगतोय. उंदीर झाले होते हे खरं आहे. पण बाकीचे दोनशे नकाशे मी उंदरांना सोडले.

कल्लप्पाचं काय झालं तेही लिहितो. वाट ओढ्यातून पडली. भाद्रपदात काळ्या मातीच्या चिखलात भरली गाडी उलटली. तांबड्या बैलाचा पाय मोडला. पुढल्या वर्षी त्यानं रान कसलं नाही. त्याच्या पुढल्याही नाही. बायको वारली आणि तो लेकीकडं केमला गेला. रानात आता वेडी बाभूळ माजलीय. हे सगळं मला रेवणप्पाकडून तुकड्यातुकड्यानं कळत होतं. प्रत्येक वेळी मी "अरेरे" म्हणायचो.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

यात्रेची गर्दी म्हणून बाहेर पडलो नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गच्चीवरूनच हात जोडले.

सकाळी हेमावतीनं तिळगुळाची एक पुडी कापडात शिवली आणि रेश्माला दिली, पोस्टात टाक म्हणून. रेश्मा म्हणाली, "आत्या, कुणाला?" म्हणाली, "हाय एक भाऊ." मी म्हणालो, अगं रेवणप्पा तर आज स्वतः येतोय. तर म्हणाली, "येऊ दे की." विसरते हल्ली.

रेवणप्पा दुपारी आला. ज्वारीचा हुरडा घेऊन आला, गरम राखेचा वास येत होता पिशवीला. माणूस वाईट नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तीन दिवस दवाखान्यात बसला होता. हेमावतीला अजून "आक्का" म्हणून पाया पडतो.

"दाजी, कागद काडला का?"

मी म्हणालो, "रेवणप्पा, तो कागद चुकीचा आहे."

तो हुरडा चोळत होता, थांबला नाही. "चुकीचा म्हंजी?"

"वाट विहिरीवरूनच आहे. मूळ नकाशात लाल आहे."

तळहातावरचा हुरडा फुंकला, दाणे मला दिले. म्हणाला, "दाजी, विहिरीपसनं माजी पायपलाइन गेलीया. डाळिंबाच्या बारा ओळी हायत त्या पट्ट्यात. पोरगं माजं त्याच्यावर लगीन ठरवतंय." मग हसला. "आन् तितं जातंय कोन आता? कल्लप्पा बसलाय केमला. बाभळी काय गाडीतनं येनार हायत का?"

"पण तो खरं बोलत होता."

"आसंल. एकोनतीस वर्सं मागं." आणि आवाज उतरवून म्हणाला, "दाजी, तुमचं गावात नाव हाय. ह्या वयात कशाला धोतर सोडून घेताय? डोळं तपासा, चष्मा बदला, पर कागद त्योच आना."

माझ्या लक्षात आलं की त्याला आश्चर्य वाटलंच नाही.

हेमावती दारात तिळगूळ घेऊन उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही. "गोड बोला," म्हणाली दोघांना, आणि वाटी ठेवून गेली.

बुधवार, १५ जानेवारी

ट्रेसिंगचा कागद सापडला. पिवळा पडलाय. फाडायला घेतला, फाडला नाही. ठेवायचं तरी कशाला, तेही कळेना.

शनिवार, १८ जानेवारी

नकाशा दिला. चादरीसकट.

मॅडमनी हातात घेतल्यावर त्यांचे डोळे भरले. "मामा, सोळा वर्षं तुम्ही हा जपलात!" मी चादर घडी घालायला घेतली. त्यांनी तो मशीनवर घेतला आणि मोठ्या भिंतीवर पाडला. बारा फूट नकाशा. गिरण्यांची धुराडी, तळं, बैलगाड्यांच्या वाटा, आणि शहराबाहेर एवढंसं कॉलेज. पोरं मोबाईल काढून आपापली घरं शोधायला लागली. "सर, आमच्या अपार्टमेंटच्या जागी बाभळीचं बन!" "आमच्यात नाला!" मोठा गलका.

मग शाल, नारळ, आणि प्राचार्य म्हणाले, मामांनी आता नकाशा समजावून सांगावा. माझ्या हातात लाल उजेडाची बॅटरी दिली. मी सांगितलं. विहिरी, झाडं, चढउतार. एका मुलीनं विचारलं, "ही लाल तुटक रेघ काय?" माझ्या तोंडून गेलं, "गाडीवाट." ती म्हणाली, "आणि ही तपकिरी?" "ती उताराची. ती जमिनीवर नसते."

इतकं सोपं होतं ते. दोन वाक्यं. शंभर पोरांसमोर मी ती बिनचूक म्हणालो.

बॅटरीचा ठिपका हलत हलत करंजहाळवर गेला. मी नेला नाही, हातानं नेला. मॅडम म्हणाल्या, "हे तुमच्या सासुरवाडीचं गाव ना मामा?" निळी विहीर भिंतीवर ताटलीएवढी दिसत होती आणि तिच्या बाजूनं लाल रेघ, हाताएवढी लांब. कुणालाच काही दिसलं नाही. शंभर माणसं बघत होती आणि मला एकट्याला दिसत होतं.

टाळ्या वाजल्या. शाल अंगावर निखाऱ्यासारखी. घरी येऊन ती घडी घालून ट्रंकेत, नकाशाच्या रिकाम्या जागी ठेवली. निघताना मी त्या कोपऱ्याची मोठी रंगीत छापील प्रत मागितली, मॅडमनी दिली. कशाला हवी, विचारलं नाही. भली बाई.

मंगळवार, २१ जानेवारी

न जाण्याची कारणं शोधतोय. साखर. गुडघा (माझा नाही, पण सांगता येतो). एसटीची गर्दी. रेवणप्पा माझा एकुलता एक मेव्हणा आहे, हेमावतीचं माहेर तोडायचा मला काय हक्क? हे कारण सगळ्यात चांगलं वाटलं, कारण त्यात माझा चांगुलपणा दिसतो.

तिला म्हणालो, "मी रविवारी जाणार नाही. तुझ्या भावाचं नुकसान नको."

ती निवडत होती ते तांदूळ तिनं सुपात सारखे केले. म्हणाली, "साकु." म्हणजे पुरे. ती रागावली की कानडीत बोलते. मग मराठीत, "माज्या नावावर पांघरून घिऊ नका. मी बी येनार हाय रविवारी. साडी काडून ठेवलीया."

रविवार, २६ जानेवारी

एसटीतून उतरल्या उतरल्या लिहितोय, अक्षर समजून घ्यावं.

शाळेच्या पटांगणात झेंडा झाला, पोरांना जिलेबी वाटली, मग सभा. सरपंच सोनाबाई, वयानं हेमावतीएवढ्याच. मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. रेवणप्पा पहिल्या रांगेत, माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे सुरू करा.

मी रंगीत प्रत फळ्यावर चिकटवली. शेजारी पिवळं ट्रेसिंग. म्हणालो, "शहाण्णव साली मी याच सभेत ही रेघ उताराची म्हणून सांगितली. ती उताराची नाही. ती वाट आहे. कल्लप्पा खरं बोलला होता. माझी चूक मला आठ दिवसांत कळली होती, मी लपवली."

एवढंच पाठ केलं होतं. वाटलं होतं आभाळ कोसळेल. कोसळलं नाही. मागून एक जण म्हणाला, "आता कल्लप्पाची वाट खरी निगाली की रं!" आणि लोक हसले. पुन्हा हसले.

रेवणप्पा उठला. "दाजींचं वय झालंय मंडळी. मोतीबिंदू काडलाय. लाल काय, तपकिरी काय, त्यास्नी उमजत न्हाय. त्यांचा पयला कागद तरनेपनीचा हाय, त्योच खरा." प्रेमानं म्हणाला, माझा हात धरून खुर्चीकडं नेत. आणि माझी चूक हीच की मी चाललो. त्याच्या हाताबरोबर दोन पावलं मी चाललो. वाटलं, बरं झालं, सांगून झालं, आता बसू.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. "मला उमजतंय."

हेमावती. गुडघ्यावर हात टेकून उठत होती. "मला कागद नको. मी ह्या शेतात वाढले. वाट विहिरीवरनं होती. तितंच आमी भांडी घासायचो, गाड्या जायच्या, धुरळा भाकरीवर बसायचा म्हून आई शिव्या द्यायची. कल्लप्पाण्णाची बैलं तितंच पानी प्यायची."

रेवणप्पा म्हणाला, "आक्का, बस खाली."

"बसते. एक बोलून बसते. मी सासरी गेले ती कल्लप्पाण्णाच्या गाडीतनं, विहिरीवरनं. चिंचंची फांदी माज्या डोक्याला लागली, ती मला अजून आठवती. शेजारी हेच बसले होते. ह्यांच्या तोंडावर बाशिंग होतं, ह्यांना काय दिसलं न्हाय." हसू फुटलं, पण ती हसली नाही. "त्या सालात मी बी बोलले न्हाय. भाऊ म्हून. ते माजं पाप. पर हे मला विचारतील, म्हून वाट बगत होते. ह्यांनी कागदाला विचारलं. मला विचारलं न्हाय."

मी त्या वाटेनं गेलो होतो. नवरदेव होऊन गेलो होतो. दोन रविवार भिंग घेऊन बसलो, आणि माझ्या घरात, माझ्यासमोर भाकरी थापत, त्या वाटेवर वाढलेली बाई होती.

रेवणप्पानं माझा हात सोडला.

सरपंच सोनाबाई म्हणाल्या, वाट खुली करायची. ग्रामसेवकानं ठराव लिहिला. मी म्हणालो, कल्लप्पा खरं बोलला हेही लिहा. तो म्हणाला, "काका, असं प्रोसिडिंगात लिहीत नाहीत." सोनाबाईंनी जुन्या वह्यांचं कपाट उघडायला लावलं. शहाण्णवची वही काढली, धूळ झटकली. त्यात लिहिलेलं: 'कल्लप्पा यांचे म्हणणे खोटे निघाले.' त्या म्हणाल्या, "ह्ये लिवायला जागा हुती न्हवं? मग आता बी हाय. लिवा." लिहिलं. मी दोनदा वाचलं.

मोजणीला दहा फेब्रुवारीला माणसं येणार.

रेवणप्पानं निघताना चहा विचारला नाही. चौपन्न वर्षांत पहिल्यांदा. एसटीत हेमावती खिडकीकडं बघत होती. मी म्हणालो, तुझं माहेर गेलं. म्हणाली, "शेंगा संपल्यात, उद्या आनायला पायजेत."

मंगळवार, २८ जानेवारी

केमचा पत्ता कुठून मिळवायचा या विचारात होतो. हेमावतीनं तांदळाच्या डब्यातून एक कागद काढून दिला. पत्ता. दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते ती तिकडं, सतरा वर्षं. मी तो कागद घेऊन तिथंच ओट्यापाशी पत्र लिहायला बसलो. पाठवलेल्या पत्राची नक्कल इथं ठेवतो.

*कल्लप्पास,*

*चनमल्लप्पाचा नमस्कार. घ्यायचा की नाही ते तू ठरव.*

*तुझी तब्येत कशी आहे? लेक महेश्वरी बरी? नातवंडं? कमरेचं दुखणं होतं तुला, ते कसं आहे? इकडं हेमावतीचे गुडघे धरलेत, बाकी सगळे ठीक.*

*शहाण्णव साली मी सभेत जे बोललो ते खोटं होतं. माझी चूक मला आठ दिवसांत कळली आणि मी दडवली. परवा त्याच सभेत ते सांगितलं. तू खरा होतास असं वहीत लिहून घेतलंय, त्या पानाचा फोटो सोबत आहे. हे माझ्या धाडसानं झालं नाही. मी खुर्चीकडं परत निघालो होतो, हेमावती उभी राहिली म्हणून झालं. तुझा बैल, तुझी एकोणतीस वर्षं आणि तुझ्या नावाची झालेली ती म्हण, यातलं काही मला परत करता येत नाही. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.*

*एक विचारायचं आहे. दहा फेब्रुवारीला मोजणीची माणसं वाटेची खूण करायला येणार. माझा नकाशा एक इंचाला एक मैल, त्यात वाट दिसते पण हात-दोन हात कळत नाहीत. गावाकडून निघालेली गाडी चिंचेच्या डाव्या अंगानं जायची की उजव्या? हेमावती म्हणते उजव्या, म्हणून तर फांदी लागली. पण गाडी तू हाकत होतास. तुला विचारल्याशिवाय मी या वेळी रेघ ओढणार नाही.*

*सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड आहे. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, कडेला डावी की उजवी एवढं लिही. येता आलं तर ये, स्टँडवर मी उभा असेन. नाहीतर दहा तारखेच्या आत उत्तर दे, कल्लप्पा. लवकर दे.*